पुढे चाल

परवा संध्याकाळी पुतण्याचा जळगावहून फोन. कॉलनीतली पोरं मिळून दिवाळीनंतर फुटबॉलची स्पर्धा घेणार आहेत, बाद पद्धतीची. "काका, तुम्ही पूर्वी घेत होते ना स्पर्धा? मग नियमावली लिहून द्या. नेटवरून एक काढली, पण ती चाळीस पानांची निघाली. कोणी वाचणार नाही."

आता काकाला एवढ्या विश्वासाने कोणी काही मागत नाही हल्ली. तेव्हा लगेच हो म्हणालो आणि माळ्यावर चढलो. (सौ.चं म्हणणं, या वयात माळ्यावर चढायला फुटबॉल हे कारण पुरेसं नाही.) एका पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांखाली, दोन वस्तू सापडल्या. एक सायक्लोस्टाईल केलेला कागद, पिवळा पडलेला. आणि दुसरा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चषक, काळा पडलेला.

कागदावर आमची नियमावली होती, अकरा कलमी. मला तेव्हा सरकारी मराठी लिहायची फार हौस होती. त्यातले काही नियम जसेच्या तसे:

१. स्पर्धा बाद पद्धतीने खेळविली जाईल.
२. प्रवेश फी रु. ५१/- राहील. ती परत मिळणार नाही.
४. सामन्याच्या नियोजित वेळेनंतर २० मिनिटांत संघ मैदानावर हजर न झाल्यास प्रतिस्पर्धी संघास पुढे चाल देण्यात येईल.
७. एका संघातून खेळलेल्या खेळाडूस दुसऱ्या संघातून खेळता येणार नाही.
९. बरोबरी झाल्यास टायब्रेकरवर निकाल देण्यात येईल.
११. पंचांचा निर्णय अंतिम राहील. नियमांत फेरबदल करण्याचा अधिकार आयोजकांनी राखून ठेवला आहे.

वाचता वाचता चौथ्या कलमाशी अडकलो. त्या कलमाशी माझं एक जुनं प्रकरण आहे. ते सांगायचंच आहे, पण त्याआधी हे नियम आले कुठून ते बघू. कारण नवी नियमावली लिहायला बसलो आणि वाचत वाचत थेट दीडशे वर्षं मागे गेलो. तिथे जे सापडलं त्याने जरा अस्वस्थ झालो.



बाद पद्धत म्हणजे हरला तो घरी गेला. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती कोणीतरी कधीतरी शोधून काढली असेल हे लक्षातही येत नाही. फुटबॉलपुरतं बोलायचं तर तो माणूस चार्ल्स आल्कॉक. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा सचिव, वय वर्षं २८. हॅरो नावाच्या शाळेत शिकलेला. त्या शाळेत निरनिराळ्या वसतिगृहांत हरेल तो बाद अशा सामन्यांची चुरस असायची. तीच कल्पना त्याने उचलली आणि २० जुलै १८७१ रोजी लंडनला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झालेल्या बैठकीत मांडली : असोसिएशनच्या सगळ्या क्लबांसाठी एक चषक ठेवावा. हाच तो एफ. ए. कप.

पहिल्या वर्षी नावं आली १५ संघांची. आमच्या स्पर्धेला तिसऱ्या वर्षी तेरा होते, म्हणजे फार फरक नाही!

आता १५ काय किंवा १३ काय, बाद पद्धतीचं गणित मोठं सोपं आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो. शेवटी एकच उरायचा असेल तर तेरातले बारा बाद व्हायला हवेत, म्हणजे सामने बारा. साखळी पद्धतीने त्याच तेरा संघांना एकमेकांशी खेळवायचं तर अठ्ठ्याहत्तर सामने लागतील. अठ्ठ्याहत्तर सामन्यांचे पंच, चुना, चेंडू आणि चहा कोण देणार? म्हणून खिशात पैसे नसलेल्या आयोजकाला बाद पद्धतच परवडते. त्यात आपल्या खानदेशातली मैदानं म्हणजे काळी माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी चेंडू सोडा, सावलीसुद्धा बाहेर पडत नाही. खेळायला मिळतात ते दिवाळी ते होळी एवढेच महिने, त्यातही शनिवार-रविवार.

पण तेरा ही संख्या बाद पद्धतीला सोसत नाही. तिला दोन, चार, आठ, सोळा असे आकडे लागतात. तेरा असतील तर सोळाला कमी पडतात तीन, म्हणून तीन संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल द्यायची. उरलेल्या दहांचे पाच सामने, पाच विजेते, अधिक तीन, झाले आठ. ते तीन संघ कोणते, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. भाग्यपत्रिका म्हणतात तिला. हा शब्द ज्याने काढला त्याला नमस्कार. कारण त्या कागदावर निम्मं भाग्यच असतं.

हे मी गमतीत म्हणत नाही. 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारा लुईस कॅरल मुळात गणिताचा प्राध्यापक होता, त्याने १८८३ साली याच विषयावर एक पुस्तिका लिहिली. विषय लॉन टेनिसच्या स्पर्धांचा, पण हिशोब तोच. त्याचं म्हणणं असं : समजा ३२ खेळाडू आहेत आणि नेहमी सरस खेळाडूच जिंकतो. तर पहिला क्रमांक बरोबर माणसालाच मिळेल, वाद नाही. पण दुसरा? दोन नंबरचा खेळाडू जर भाग्यपत्रिकेत एक नंबरवाल्याच्या बाजूच्या अर्ध्यात पडला तर तो अंतिम फेरीच्या आधीच गारद. दुसऱ्या अर्ध्यात पडण्याची शक्यता ३१ पैकी १६. म्हणजे उपविजेत्याचं बक्षीस योग्य माणसाला जाईल की नाही हे जवळपास नाणेफेकीसारखं! कॅरलने उपाय सुचवला होता की आपल्यापेक्षा तिघे सरस आहेत असं सिद्ध होईपर्यंत कोणाला बाद करू नका. उपाय न्याय्य होता, पण अर्थातच सामने वाढणार. कोणी मनावर घेतला नाही.



आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे झुंज लावायची जी जुनी रीत, ती कुस्तीच्या दंगलीची. जत्रेतल्या दंगलीत भाग्यपत्रिका नसते. वस्ताद आणि पंच समोरासमोर उभं करून, अंगलट बघून जोड लावतात. सकाळी रेवड्या-नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, शेवटी मानाची. हरलेला मल्ल एकच कुस्ती हरतो, तो कशातून 'बाद' होत नाही. आणि दोघं तोडीस तोड निघाले, अंधार पडायला लागला, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. त्यात कोणाला कमीपणा नाही. फुटबॉलचा चषक घेऊन आले इंग्रज, आणि त्याच्याबरोबर एक नवी अट आली : शेवटी एकच उरला पाहिजे.

भारतातला पहिला मोठा चषक ड्युरँड, १८८८ साली सिमल्याला सुरू झाला. देणारे सर मॉर्टिमर ड्युरँड. होय, अफगाण सरहद्दीवर १८९३ मध्ये रेघ मारणारे तेच. खेळणाऱ्या सगळ्या गोऱ्या पलटणी, आणि पहिले विजेते रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, आपल्या मुंबईत रोव्हर्स कप आला. तोही पहिला जिंकला पलटणीनेच, वूस्टरशायर रेजिमेंटने. १९२३ साली मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स, १९३७ मध्ये. ड्युरँडसाठी १९४० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. पुढे हैदराबाद पोलिसांनी १९५० ते ५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स नेला, तेव्हा मुंबईच्या कूपरेजवर पाय ठेवायला जागा नसायची म्हणतात. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते. पासावर मुंबईला जाऊन त्यांनी कूपरेजवर सामने पाहिले होते, आणि आमच्या डोक्यात फुटबॉल घातला तो त्यांनीच. रोव्हर्स २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडला तेव्हा मामा नव्हते, ते बरंच झालं. ड्युरँड अजून चालू आहे.

पण 'एकच उरला पाहिजे' ही अट आपल्या लोकांनी काही पूर्ण गिळली नाही. १९६० चा ड्युरँड बघा. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, संयुक्त विजेते. १९८२ मध्ये पुन्हा तेच दोघे, पुन्हा संयुक्त. बरोबरीत सोडवली कुस्ती! कोल्हापुरात तर फुटबॉल संघांची नावंच तालमींची आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. फुटबॉल तिथे तांबड्या मातीतून उगवला, आणि पेठेची ईर्ष्या घेऊन उगवला.

बरोबरीचं काय करायचं, हा प्रश्न खुद्द आल्कॉकलाही सुटला नव्हता. पहिल्या एफ. ए. कपमध्ये त्यांनी काय केलं असेल? सामना बरोबरीत सुटला तर दोघांनाही पुढच्या फेरीत पाठवता येईल, अशी मुभा ठेवली! वाँडरर्स आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना शून्य-शून्य झाला आणि दोघेही पुढे गेले. नंतर रूढ झाला तो सामना पुन्हा खेळायचा रिवाज. तो शंभरावर वर्षं चालला. २०२४-२५ च्या हंगामापासून एफ. ए. कपच्या मुख्य फेऱ्यांतून तोही गेला, कारण मोठ्या क्लबांना तारखा नाहीत.

जिथे पुन्हा खेळायला वेळ नसेल तिथे पूर्वी चिठ्ठी नाहीतर नाणं. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशियाचा उपांत्य सामना नेपल्सला झाला. १२० मिनिटं खेळून शून्य-शून्य, मग नाणेफेक, इटली जिंकली. पुढे अजिंक्यपदही त्यांचंच. लोकांना हे इतकं टोचलं की दोन वर्षांत, २७ जून १९७० रोजी, आंतरराष्ट्रीय नियम मंडळाने पेनल्टीचा तोडगा मान्य केला. हाच आपला टायब्रेकर. म्हणजे जळगावात आम्ही नववं कलम लिहिलं तेव्हा तो नियम जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. आम्हाला वाटायचं, तो फुटबॉलच्या जन्मापासूनच आहे.

आणि सातवं कलम, म्हणजे बाहेरचे खेळाडू? खानदेशात स्पर्धा घेतलेल्या कोणालाही विचारा, निम्मी भांडणं यावरून. अमळनेरच्या संघात भुसावळचा गोलकीपर, चाळीसगावच्या संघात कोणाचा तरी 'आतेभाऊ', जो नेमका पोलीस संघाचा सेंटर फॉरवर्ड असतो. मला वाटायचं ही आपलीच खोड. पण इतिहासातला पहिला एफ. ए. कपचा अंतिम सामना घ्या. १६ मार्च १८७२, केनिंग्टन ओव्हल, वाँडरर्स विरुद्ध रॉयल इंजिनिअर्स. एकच गोल झाला. तो करणाऱ्याचं नाव कागदावर 'ए. एच. चेकर' असं होतं. असा कोणी माणूस नव्हताच! खरं नाव मॉर्टन बेट्स. तो हॅरो चेकर्स या दुसऱ्याच क्लबचा, म्हणून टोपणनावाने खेळला. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. आमच्याकडे हरकतीची फी अकरा रुपये होती, आमच्याकडे नक्की घेतली गेली असती.

पुढे बारा वर्षांनी गंमत राहिली नाही. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडशी बरोबरी झाल्यावर लंडनच्या अप्टन पार्क क्लबने हरकत घेतली की यांचे खेळाडू हौशी नाहीत, पैसे घेऊन खेळतात. प्रेस्टनच्या प्रमुखाने, विल्यम सडेलने, ते सरळ कबूल केलं. संघ बाद झाला. पण कबुलीचा परिणाम असा की पुढच्याच वर्षी, जुलै १८८५ मध्ये, पैसे देणं रीतसर मान्य करावं लागलं. 'हौशी' हा शब्द त्यानंतर वेगळा पडला. पुढे हौशी संघांसाठी इंग्लंडमध्ये वेगळा चषकच काढला, तो १९७४ पर्यंत चालला.



आता ज्याने अस्वस्थ झालो ते.

पहिल्या एफ. ए. कपमध्ये स्कॉटलंडचा एक संघ होता, ग्लासगोचा क्वीन्स पार्क. हौशी पोरांचा क्लब. चषक घ्यायला म्हणून त्यांनी एक गिनी वर्गणीही दिली होती. ग्लासगो ते लंडन अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. त्यांना प्रवास परवडणार नाही हे आयोजकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना सवलत देत देत, एकही सामना न खेळता, उपांत्य फेरीपर्यंत आणलं. हे आयोजकांचं चांगलंच म्हणायला हवं. ५ मार्च १८७२ ला ते लंडनला येऊन वाँडरर्सशी खेळले. शून्य-शून्य. सामना पुन्हा खेळायचा होता. पण लंडनला राहायला किंवा परत यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांनी माघार घेतली आणि वाँडरर्सना अंतिम फेरीत पुढे चाल मिळाली.

आता वाँडरर्सचा सगळा प्रवास बघा. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी आलेच नाहीत, पुढे चाल. (न आलेला तो संघ म्हणजे हॅरो चेकर्स, बेट्सचा!) दुसऱ्या फेरीत एक विजय. तिसरीत बरोबरी, तरी पुढे. उपांत्य फेरीत बरोबरी, समोरचे पैसे नाहीत म्हणून घरी गेले. मग अंतिम सामना. म्हणजे सबंध स्पर्धेत दोन सामने जिंकून चषक.

आणि वाँडरर्सचा कर्णधार कोण? चार्ल्स आल्कॉक. स्पर्धेची कल्पना काढणारा, असोसिएशनचा सचिव.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

कारण जानेवारी १९८८ मध्ये जळगावात आमच्या स्पर्धेचा सचिव मी होतो. आमच्या कॉलनीच्या संघात मी राखीव खेळाडूही होतो. पहिल्या फेरीत चिठ्ठीने आम्हाला पुढे चाल मिळाली. (चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकल्या होत्या, त्यात काही काळंबेरं नव्हतं, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो.) उपउपांत्य फेरीत समोर आला धुळ्याचा एक संघ. आदल्या रविवारी ते येऊन पहिला सामना दोन-शून्य जिंकून गेले होते. बहुतेक पोरं अनवाणी, दोघा-तिघांच्या पायात कॅनव्हासचे बूट. पण काय पास द्यायचे! आम्ही हद्दीबाहेर बसून बघत होतो आणि आमच्या कर्णधाराचं तोंड उतरत चाललं होतं.

रविवारी दुपारी तीनचा सामना. तीन वाजले, धुळ्याचा पत्ता नाही. तेव्हा मोबाईल नव्हते, कळवणार कसं? तीन वीसला मी घड्याळ बघितलं, पंचांकडे गेलो आणि चौथं कलम वाचून दाखवलं. पंच बाहेरचे, भले गृहस्थ. ते म्हणाले, "थांबू या का थोडं?" आमचा कर्णधार म्हणाला, "नियम म्हणजे नियम." मी कागदावर लिहिलं, 'पुढे चाल', आणि खाली सही केली.

तीन चाळीसला मेटॅडोर आली. बारा-तेरा पोरं धुळीने माखलेली. पारोळ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं, स्टेपनीतही हवा नव्हती. चाक काढून, दुसऱ्या गाडीने पारोळ्यात नेऊन, दुरुस्त करून आणलं. एरंडोलनंतर तर पोरं म्हणे गाडीतच कपडे बदलून तयार बसली होती. बांभोरीचा पूल ओलांडला तेव्हा त्यांना वाटलं पोचलो.

त्यांचा कर्णधार माझ्याएवढाच असेल. मी त्याला कागद दाखवला. त्याने तो वाचला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, आते काय करानं?" मग म्हणाला, पुढे चाल तुमचीच राहू द्या, पण आलोच आहोत तर नुसतं खेळू तरी द्या. मी म्हटलं, चारला पुढचा सामना आहे, उजेड पुरणार नाही.

ते कडुनिंबाखाली बसले. डबे काढले, भाकरी आणि ठेचा. पुढचा सामना पूर्ण बघितला, चांगल्या पासला टाळ्याही दिल्या, आणि अंधार पडायच्या आत निघाले. एक्कावन्न रुपये प्रवेश फी आणि दोन वेळचं मेटॅडोरचं भाडं. दुसऱ्या वेळी चेंडूला पायही न लावता.

आम्ही पुढे उपांत्य सामना जिंकलो, अंतिम जिंकलो. दोन सामने जिंकून चषक. पुढच्या वर्षी आमची पोरं नोकऱ्यांना लागली, कोणी नाशिक, कोणी पुणे, कोणी सुरत. स्पर्धा बंद पडली. चषक फिरता होता, तो फिरलाच नाही. सचिवाच्या घरी राहिला.

उजेडाचा हिशोब मी त्या दिवशी केला नव्हता. तो नंतर केला, आणि बरेचदा केला. आमचे सामने पंचवीस-पंचवीस मिनिटांचे, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. पावणेचारला सुरू केला असता तर चार चाळीसला संपला असता. पुढचा पावणेपाचला सुरू होऊन पाच चाळीसला संपला असता. जानेवारीच्या मध्याला जळगावात सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. उजेड पुरत होता. आणि अकरावं कलमही होतंच, फेरबदल करण्याचा अधिकार आयोजकांनी राखून ठेवला आहे. तो अधिकार माझ्याच हातात होता. मी उजेडाचं नाव पुढे केलं, कारण ते खेळले असते तर आम्ही हरलो असतो.



आल्कॉकला नंतर काय वाटलं असेल ठाऊक नाही. पण नियम पुढे कसे बदलले ते ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी, १८७३ मध्ये, वाँडरर्स जुने विजेते म्हणून थेट अंतिम सामन्यात उतरले आणि पुन्हा जिंकले. ती सवलत त्यानंतर काढून टाकली गेली. आता गतविजेत्यालाही सामने जिंकतच वर यावं लागतं. १८७८ मध्ये वाँडरर्सनी सलग तिसऱ्यांदा चषक जिंकला. नियमाप्रमाणे तो कायमचा त्यांचा झाला. त्यांनी तो परत केला, एकाच अटीवर : यापुढे कोणालाही, कितीही वेळा जिंकला तरी, तो कायमचा ठेवता येऊ नये.

तर पुतण्याला मी परवा रात्री नियमावली पाठवली. दोनच पानं. बरेचसे नियम जुनेच आहेत, टायब्रेकर आहे, बाहेरच्या खेळाडूंबद्दल आहे (आधार कार्डाची प्रत मागितली आहे, बघू किती आतेभाऊ येतात). पहिल्या फेरीत हरलेल्या संघांची वेगळी छोटी स्पर्धा ठेवली आहे, म्हणजे लांबून आलेला संघ निदान दोनदा खेळून जाईल. सामने चार-पाच वाढतील, पण ते सोसावं. आणि चौथं कलम असं लिहिलं आहे :

"४. बाहेरगावच्या संघाचा सामना त्या दिवशी सर्वांत शेवटी ठेवावा. संघास उशीर झाल्यास एक तास वाट पाहावी. त्यानंतरही संघ आला आणि सूर्यास्तापूर्वी सामना पूर्ण होण्याजोगा असेल, तर सामना खेळविण्यात यावा. आयोजकांपैकी कोणाचाही संघ त्या सामन्यात असल्यास पुढे चाल देण्याचा निर्णय त्याने घेऊ नये."

पुतण्याचं उत्तर आलं : "काका बाकी ठीक आहे, पण सगळ्यात शेवटी कसं? शेवटचा सामना तर आमचा असतो, गर्दी तेव्हाच होते."

त्याला म्हटलं, फोन कर, सांगतो. अजून केलेला नाही.

चषक मी चिंचेने घासून ठेवला आहे. पितळच आहे, चांदीचा मुलामा केव्हाच गेला. खाली एक पट्टी आहे, तिच्यावर तीन वर्षांची तीन नावं, तिसरं आमचं. पट्टीवर जागा अजून पुष्कळ आहे. दिवाळीनंतर जळगावला जाणार आहेच, तेव्हा नेऊन पोरांच्या हवाली करीन. धुळ्याहून एखादा संघ बोलवा, एवढी एकच अट घातली आहे. धुळ्याच्या नातेवाईकांपैकी कोणी हे वाचत असेल आणि गरुड मैदानाच्या आसपास फुटबॉल खेळणारी पोरं कोणाच्या ओळखीची असतील, तर मला जरूर कळवा. आणि त्या मेटॅडोरमधलं कोणी, आता पन्नाशी-साठीतलं, ओळखीचं निघालं तर तेही कळवा.